रक्त नॉर्मल, मग डोळ्यांचा एमआरआय कशाला?

प्रश्न : आम्ही वसई तालुक्यातल्या नंदाखालचे. माझ्या मोठ्या वहिनींना गेल्या वर्षी थायरॉइड वाढल्याचं निघालं. गोळ्या सुरू झाल्या, धडधड थांबली, उतरलेलं वजन भरून आलं, रक्ताचे रिपोर्टही आता नॉर्मल येतात. पण डोळे काही पूर्ववत झाले नाहीत. उजवा डोळा पुढे आल्यासारखा दिसतो, सकाळी उठल्यावर पापण्या सुजलेल्या असतात आणि वर बघितलं की एकाचे दोन दिसतात. मुंबईच्या डॉक्टरांनी डोळ्यांच्या खोबणीचा एमआरआय सांगितला आणि चिठ्ठीवर ‘टी-टू मॅपिंगसह’ असं लिहून दिलं. रिपोर्टमध्ये डोळ्याच्या एकेका स्नायूसमोर मिलिसेकंदांत आकडे आहेत. रक्त नॉर्मल असताना हा खर्च कशासाठी? डोळ्याची सूज मिलिसेकंदांत कशी मोजतात? आम्ही समुद्राकाठची माणसं, मासळी रोजची, मीठही आयोडीनचं, मग थायरॉइड झालाच कसा? परळला किरणोत्सारी आयोडीन घ्यावं असंही काही जण सुचवतात. ते डोळ्यांना चालेल का?
— एक वाचक, नंदाखाल

उत्तर : वहिनींच्या गळ्यातली ग्रंथी आणि त्यांचे डोळे एकाच आजाराने बिघडले असले, तरी दोघांचं बरं होण्याचं वेळापत्रक वेगळं असतं. गोळ्यांनी ग्रंथी काही महिन्यांत आटोक्यात येते. डोळ्यांमागची सूज आपल्या गतीने चढते आणि आपल्या गतीने उतरते. काही जणांचे डोळे थायरॉइड वाढण्याच्या आधीच बिघडतात, काहींचे उपचार सुरू झाल्यावर. थोड्या रुग्णांमध्ये तर रक्तातला थायरॉइड कधीच वाढलेला नसतो आणि तरीही डोळे पुढे येतात. त्यामुळे रक्ताचा रिपोर्ट नॉर्मल येणं ही चांगलीच बातमी आहे, पण ती ग्रंथीपुरती. डोळ्यांचं काय चाललं आहे, हे डोळ्यांनाच विचारावं लागतं.

मासळीचा प्रश्न आधी उरकतो, कारण किनारपट्टीवरच्या घराघरांत तो निघतो. थायरॉइडचे विकार म्हटले की आपल्याला शाळेत शिकवलेला गलगंड आठवतो. तो आयोडीनच्या कमतरतेचा. डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून हिमाचलातल्या कांगडा खोऱ्यात आयोडीनयुक्त मीठ देऊन दाखवून दिलं की त्याने गलगंड आटोक्यात येतो. आज आपल्या स्वयंपाकघरात जे मीठ आहे, त्यामागे ते काम आहे. वहिनींचा आजार त्या जातीचा नाही. त्यांच्या आजाराला बहुधा ग्रेव्हज डिसीज म्हटलं असेल. डब्लिनच्या रॉबर्ट ग्रेव्हज यांनी १८३५ मध्ये त्याचं वर्णन केलं, आणि १८४० मध्ये जर्मनीतल्या मेर्सेबुर्ग गावच्या कार्ल फॉन बासेडो या डॉक्टरांनी गळ्याची सूज, धडधड आणि पुढे आलेले डोळे ही तिन्ही लक्षणं एकत्र मांडली. यात शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा चुकून स्वतःच्याच पेशींवर उलटते. रक्तात तयार झालेली प्रतिपिंडं थायरॉइड ग्रंथीला सतत ढोसत राहतात आणि ती गरजेपेक्षा जास्त हार्मोन तयार करते. रोजच्या जेवणातली बोंबील-कोळंबी याला कारण नाही आणि ती सोडल्याने हा आजार जाणारही नाही. किरणोत्सारी आयोडीनच्या तपासणीआधी किंवा उपचाराआधी मासळी काही दिवस बंद ठेवायला सांगतात, ते वेगळ्या कारणाने : शरीरात आधीच भरपूर आयोडीन असेल तर ग्रंथी दिलेलं आयोडीन नीट ओढून घेत नाही.

आता डोळ्यांकडे येऊ. डोळ्याची खोबण ही हाडांची पोकळी. मोठ्या माणसात तिच्यात साधारण ३० मिलिलिटर जागा असते. त्यातली सातेक मिलिलिटर बुबुळासह सगळा डोळा व्यापतो. उरलेल्या जागेत डोळा हलवणारे सहा स्नायू, त्यांच्याभोवतीची चरबी, रक्तवाहिन्या आणि मेंदूकडे जाणारी दृष्टीची नस. चारही बाजूंना हाड, मोकळी वाट फक्त पुढे. या चरबीतल्या आणि स्नायूंतल्या काही पेशींवर थायरॉइड ग्रंथीवर असतात तसेच ग्राहक रेणू असतात. प्रतिपिंडं त्यांनाही चेतवतात. चेतवलेल्या पेशी हायलुरोनन नावाचा चिकट पदार्थ तयार करतात, आणि तो पाणी धरून ठेवतो. काही पेशींची पुढे चरबी बनते. स्नायू फुगतात, चरबी वाढते, हाड सरकत नाही. मग डोळा पुढे येतो.

वहिनींना वर बघितल्यावर दोन दिसतात, यावरून स्नायूचाही अंदाज बांधता येतो. या आजारात सहांपैकी सगळ्यात जास्त वेळा बाधतो तो डोळ्याच्या तळाशी असलेला स्नायू, त्याखालोखाल नाकाच्या बाजूचा. वर बघायचं तर खालच्या स्नायूने सैल सुटायला हवं. सुजलेला, आखडलेला स्नायू सुटत नाही. तो डोळ्याला खाली खेचून धरतो. दुसरा डोळा मात्र वर जातो. दोन डोळे दोन दिशांना, म्हणून एका माणसाची दोन माणसं. रिपोर्टमध्ये उजव्या बाजूच्या ‘इन्फिरिअर रेक्टस’ समोरचा आकडा डावीकडच्यापेक्षा मोठा आहे का, ते पाहा. तोच हा स्नायू.

डॉक्टरांसमोरचा खरा प्रश्न मात्र वेगळाच असतो. फुगलेला स्नायू सीटी स्कॅनमध्येही दिसतो आणि साध्या एमआरआयमध्येही. तो कशाने फुगला आहे, हे कळायला हवं. आजाराच्या पहिल्या टप्प्यात तो पाण्याने आणि जळजळीने फुगलेला असतो. पुढे जळजळ विझते आणि मागे उरते ती चरबी आणि आखडलेल्या तंतूंचा व्रण. फ्रान्सिस रंडल या ऑस्ट्रेलियन शल्यविशारदांनी १९४५ मध्ये या आजाराची वाटचाल आलेखावर काढून दाखवली : आधी चढ, मग माथा, मग थोडा उतार, आणि त्यानंतर एक सपाट रेषा, जी मूळ पातळीपर्यंत सहसा परत येत नाही. हा प्रवास साधारण दीड-दोन वर्षांचा असतो. धूम्रपान करणाऱ्यांत तो लांबतो. चढाच्या काळात स्टेरॉइडसारखी औषधं उपयोगी पडतात, कारण विझवायला आग असते. सपाट रेषेवर पोहोचल्यावर तीच औषधं दिली तर फायदा जवळजवळ नाही आणि दुष्परिणाम मात्र पुरेपूर. शस्त्रक्रियेचं याच्या उलट : खोबणीचं हाड कमी करून जागा वाढवणं, तिरळेपणा काढणं, पापणी खाली आणणं ही कामं आजार किमान सहा महिने शांत राहिल्यावर करतात, आणि याच क्रमाने करतात. घाई केली तर केलेलं काम पुन्हा बिघडतं. नस दबून दृष्टीच जात असेल तर गोष्ट वेगळी; त्याचं पुढे सांगतो.

तेव्हा वहिनी या आलेखावर आज कुठे आहेत, यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. ते ठरवायची नेहमीची पद्धत साधी आहे आणि तिला यंत्र लागत नाही. १९८९ मध्ये ॲम्स्टरडॅमच्या मोरिट्स आणि सहकाऱ्यांनी दिलेल्या यादीतली सात लक्षणं पाहतात : डोळ्यामागे आपोआप दुखणं, डोळा वर-खाली फिरवताना दुखणं, पापण्यांची लाली, पापण्यांची सूज, पांढऱ्या भागाची लाली, त्याची सूज, आणि नाकाकडच्या कोपऱ्यातल्या लालसर गोळ्याची सूज. प्रत्येकाला एक गुण. तीन किंवा अधिक गुण झाले की आजार जागा आहे असं मानतात. ही पद्धत फुकट आहे, पाच मिनिटांत होते आणि जगभर वापरली जाते.

पण तिच्या दोन उणिवा आपल्या भागात जास्त जाणवतात. पापणीची लाली गोऱ्या कातडीवर चटकन दिसते. सावळ्या, उन्हात रापलेल्या कातडीवर ती दिसेलच असं नाही. आशियाई रुग्णांमध्ये बाहेरची लक्षणं कमी आणि आतली सूज जास्त, असं अनेक डॉक्टरांनी नोंदवलं आहे. दुसरी उणीव याच्या नेमकी उलट. नंदाखाल, आगाशी, अर्नाळा पट्ट्यात वाडीत भाजी-केळीचं काम करणाऱ्याचे किंवा खाऱ्या वाऱ्यात दिवस काढणाऱ्याचे डोळे तसेही लाल असतात. त्या लालीला गुण दिला तर आजार आहे त्यापेक्षा जागा वाटतो. एका बाजूला लपलेली सूज, दुसऱ्या बाजूला फसवी लाली. वहिनींच्या डॉक्टरांना डोळ्यामागे काय चाललं आहे ते थेट बघावंसं वाटलं असेल, तर ते मला अगदी रास्त वाटतं.

आता मिलिसेकंदांचं. एमआरआयचं यंत्र म्हणजे एक मोठं चुंबक. टेस्ला हे चुंबकत्व मोजण्याचं एकक; दीड टेस्लाच्या यंत्राचं चुंबकत्व पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या तीस हजार पटींहून जास्त असतं. शरीरातल्या पाण्यात आणि चरबीत हायड्रोजनचे अणू असतात. या प्रचंड चुंबकात ते एका दिशेला कलतात. मग यंत्र रेडिओलहरींचा एक छोटा झटका देतं; दीड टेस्लाला त्या लहरी साधारण ६४ मेगाहर्ट्झच्या असतात, आपल्या एफएम रेडिओपेक्षा थोड्या खालच्या पट्टीतल्या. अणू एका तालात डोलू लागतात आणि स्वतःचा क्षीण रेडिओ संदेश पाठवतात. झटका संपला की त्यांचा ताल बिघडत जातो आणि संदेश विरतो. ‘टी-टू’ म्हणजे हा संदेश विरायला लागणारा वेळ. नेमकं सांगायचं तर तो मूळच्या ३७ टक्क्यांपर्यंत उतरायला लागणारा.

तुमच्या चर्चच्या घंटेचा टोल वाजल्यावर तिला मोकळी सोडली तर नाद कितीतरी वेळ घुमतो; कोणी तिच्यावर हात ठेवला तर चटकन थांबतो. निरोगी स्नायूतलं पाणी प्रथिनांच्या दाट जाळ्यात अडकलेलं असतं, म्हणून त्याचा संदेश लवकर विरतो. सुजलेल्या स्नायूत मोकळं पाणी वाढतं आणि संदेश जास्त वेळ टिकतो. हा काळ सेकंदाच्या काही शतांश भागांचा, म्हणून आकडा मिलिसेकंदांत. यंत्र एकाच जागेची अनेक चित्रं थोड्या-थोड्या अंतराने घेतं, प्रत्येक ठिपक्याचा संदेश किती वेगाने उतरला याचा आलेख काढतं आणि त्या ठिपक्याला एक संख्या देतं. अशा सगळ्या ठिपक्यांचा रंगीत नकाशा म्हणजे टी-टू मॅपिंग. रेडिओलॉजिस्ट मग स्नायूभोवती रेघ ओढून आतल्या संख्यांची सरासरी काढतात. वहिनींच्या रिपोर्टमधले आकडे असे आलेले आहेत.

साध्या एमआरआयपेक्षा यात फरक काय, असं विचाराल. साध्या चित्रात सूज ‘उजळ’ दिसते. पण किती उजळ? तो उजळपणा यंत्राच्या मांडणीवर, डोक्याभोवतीच्या कॉइलवर, पडद्याच्या सेटिंगवर बदलतो. चार महिन्यांपूर्वीच्या आणि आजच्या चित्राची तुलना नुसत्या नजरेने करणं धोक्याचं. मधला मार्ग म्हणून बरेच जण डोळ्याच्या स्नायूचा उजळपणा कानशिलाच्या स्नायूशी ताडून गुणोत्तर काढतात. ती पद्धत आजही उपयोगाची आहे. पण मिलिसेकंद हे भौतिक मोजमाप आहे, ताप मोजावा तसं. ते जपून ठेवता येतं आणि पुढच्या वेळी समोर मांडता येतं.

ही कल्पना नवी नाही. १९९४ मध्येच जपानी डॉक्टरांनी ‘रेडिओलॉजी’ या नियतकालिकात ग्रेव्हजच्या रुग्णांच्या डोळ्यांच्या स्नायूंचा टी-टू मोजण्याची उपयुक्तता मांडली होती. गेल्या दशकात चीनमधल्या रुग्णालयांतून यावर भरपूर अभ्यास आले. त्यांचा एकूण रोख असा : उपचाराआधी ज्यांच्या स्नायूंचा टी-टू मोठा, त्यांना स्टेरॉइडचा गुण येण्याची शक्यता जास्त, आणि गुण आला की आकडा उतरतो.

इथे एक अडचण येते, आणि ती कळली तर रिपोर्ट वाचताना फसगत होणार नाही. चरबीचाही टी-टू मोठा असतो. जुन्या आजारात स्नायूत चरबी शिरली, तर आग विझलेली असूनही आकडा मोठा दिसू शकतो. म्हणून मोजणी करताना चरबीचा संदेश दाबून टाकतात, किंवा चरबी वेगळी मोजतात. पाण्यातले आणि चरबीतले हायड्रोजनचे अणू किंचित वेगळ्या गतीने डोलतात; दीड टेस्लाला हा फरक सुमारे २२० हर्ट्झचा असतो. या फरकाचा फायदा घेऊन पाणी आणि चरबी यांची वेगळी चित्रं काढायची युक्ती थॉमस डिक्सन यांनी १९८४ मध्ये दिली. रिपोर्टमध्ये ‘डिक्सन’ किंवा ‘फॅट फ्रॅक्शन’ असा शब्द आणि पुढे टक्केवारी असेल, तर ती हीच. टी-टू मोठा आणि चरबी कमी, तर स्नायूत पाणी आहे आणि औषधाला वाव आहे. चरबी वाढलेली आणि चरबी वगळून मोजलेला टी-टू सामान्य, तर आजार बहुधा निवला आहे आणि विचार शस्त्रक्रियेचा करावा. संख्यात्मक एमआरआयचा सगळा उपयोग या दोन वाक्यांत येतो. याशिवाय स्नायूंचं आकारमान मिलिलिटरमध्ये मोजतात, पाण्याच्या रेणूंची हालचाल मोजणारी डिफ्युजनची तपासणीही करतात. पण डोळ्याशेजारी नाकाच्या हवेच्या पोकळ्या असल्याने डिफ्युजनची चित्रं तिथे वेडीवाकडी येतात, आणि मी तरी तिच्यावर फार भिस्त ठेवणार नाही.

मग अमुक आकड्याच्या वर आजार जागा आणि खाली झोपलेला, अशी रेषा आहे का? सगळ्यांनी मान्य केलेली अशी रेषा नाही. दीड टेस्ला आणि तीन टेस्लाच्या यंत्रांवर एकाच स्नायूचे आकडे वेगळे येतात. कंपनी बदलली, मोजायची पद्धत बदलली की पुन्हा फरक. निरोगी स्नायू मुळात चार-पाच मिलिमीटर जाडीचा. रेघ जरा बाहेर गेली की शेजारची चरबी मोजणीत शिरते. तपासणी चालू असताना डोळा हलला तर आकडा बिघडतो. युरोपातल्या तज्ज्ञगटाने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांतही उपचाराचा निर्णय प्रामुख्याने डॉक्टरांच्या प्रत्यक्ष तपासणीवरच सोपवलेला आहे. त्यामुळे इंटरनेटवर कुठल्या तरी देशातला आकडा शोधून वहिनींच्या आकड्याशी ताडून पाहू नका. ताडायचंच तर उजवा डोळा डाव्याशी, आणि आजचा आकडा काही महिन्यांनंतरच्या आकड्याशी ताडा. यंत्र तेच असलं पाहिजे. रिपोर्टच्या कागदाबरोबर सीडी जपून ठेवा. पुढच्या वेळी त्याच सेंटरला जा, विरारहून लांब पडलं तरी.

खर्चाबद्दल तुमचा प्रश्न वाजवी आहे आणि उत्तर सरसकट देता येत नाही. ज्यांचे डोळे फक्त कोरडे पडतात, पापणी थोडी वर ओढलेली दिसते, त्यांना या मोजणीची गरज नसते. पण वहिनींना दोन दिसतात आणि एक डोळा जास्त पुढे आहे, म्हणजे स्नायू गुंतलेला आहे. त्यांना स्टेरॉइड द्यायचं ठरलं तर सर्वसाधारण पद्धत आठवड्यातून एकदा शिरेतून सलाइनमधून देण्याची असते : सहा आठवडे अर्धा ग्रॅम, पुढचे सहा आठवडे पाव ग्रॅम, एकूण साडेचार ग्रॅम मिथाइलप्रेडनिसोलोन. याने साखर आणि रक्तदाब चढतो, यकृतावर ताण येतो. एका फेरीत ८ ग्रॅमच्या वर जाऊ नये असा दंडक त्यामुळेच आहे. घरात मधुमेह असेल तर ही गोष्ट आणखी महत्त्वाची. गुण येणारच नसेल तर बारा आठवड्यांचं स्टेरॉइड वाचवणारा एमआरआय महाग म्हणता येणार नाही. टेप्रोटुमुमॅब नावाच्या नव्या औषधाला अमेरिकेत जानेवारी २०२० मध्ये मान्यता मिळाली. दर तीन आठवड्यांनी एक अशा आठ मात्रांत डोळा मागे जातो हे त्याच्या चाचण्यांत दिसलं, पण ऐकू कमी येणं आणि साखर वाढणं हे त्याचे दुष्परिणाम आहेत, आणि किंमत सामान्य घराच्या आवाक्याबाहेरची.

तपासणीला जाताना लक्षात ठेवायच्या गोष्टी. काजळ, मस्करा, आयलायनर आदल्या रात्रीच धुऊन टाकावं. काहींच्या रंगात लोहाचे कण असतात आणि चित्र नेमकं डोळ्यापाशी बिघडतं. टी-टू मोजायला शिरेतून कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन लागत नाही; वेगळ्या कारणाने मागितलं असेल तर विचारून घ्या. एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात, त्यामुळे सीटीसारखा किरणांचा भार डोळ्याच्या भिंगावर पडत नाही आणि तपासणी पुन्हा करायला तेवढी भीती नसते. हाडाची शस्त्रक्रिया ठरली की सीटी मात्र लागतोच, कारण हाड सीटीतच नीट दिसतं.

आणि एक सूचना तुमच्या तालुक्यासाठी खास. वसई पूर्वेच्या औद्योगिक वसाहतींत ग्राइंडिंग, लेथ, वेल्डिंगवर काम करणारे हजारो लोक आहेत. ज्यांच्या डोळ्यात कधी लोखंडाचा कण उडाला असेल, त्यांनी ते यंत्रात शिरण्याआधी सांगितलंच पाहिजे. डोळ्यात राहून गेलेला कण चुंबकाने ओढला जाऊन आत रक्तस्राव झाल्याची घटना १९८६ मध्येच वैद्यकीय नियतकालिकात नोंदवली गेली आहे. शंका असेल तर आधी खोबणीचा एक्स-रे काढतात. पेसमेकर, कानात बसवलेलं यंत्र, मेंदूतल्या क्लिप यांबद्दलही सांगायलाच हवं.

आता परळचं. तिथलं रेडिएशन मेडिसिन सेंटर हे भाभा अणुसंशोधन केंद्राचं. १९६३ पासून ते चालू आहे आणि थायरॉइडच्या असंख्य रुग्णांनी, पश्चिम रेल्वेच्या या टोकावरून जाणाऱ्यांनीही, तिथे उपचार घेतले आहेत. किरणोत्सारी आयोडीन-१३१ तोंडावाटे देतात. ते ग्रंथीत साठतं, तिथल्या पेशी नष्ट करतं आणि दर आठ दिवसांनी निम्मं होत जातं. ग्रंथीसाठी हा जुना, खात्रीचा उपचार आहे. डोळ्यांच्या बाबतीत मात्र सांभाळावं लागतं. १९९८ मध्ये इटलीतल्या बार्तालेना आणि सहकाऱ्यांनी ४४३ रुग्णांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. या रुग्णांना डोळ्यांचा त्रास नव्हता किंवा अगदी सौम्य होता. नुसतं किरणोत्सारी आयोडीन मिळालेल्यांपैकी १५ टक्क्यांचे डोळे नव्याने बिघडले किंवा होते त्याहून वाईट झाले. गोळ्या घेणाऱ्यांत हे प्रमाण ३ टक्क्यांच्या आसपास होतं. आयोडीनसोबत प्रेडनिसोन हे स्टेरॉइड दिलेल्यांत कोणाचेच डोळे बिघडले नाहीत. ज्यांचे बिघडले त्यांच्यातही बऱ्याच जणांचा बिघाड तात्पुरता होता. म्हणून डोळ्यांचा आजार जागा असताना किरणोत्सारी आयोडीन शक्यतो टाळतात किंवा स्टेरॉइडच्या आडोशाने देतात, आणि ते घेतल्यावर थायरॉइड फार खाली जाऊ देत नाहीत, कारण त्यानेही डोळे बिघडतात. वहिनींची ग्रंथी गोळ्यांवर शांत आहे. तेव्हा शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या सांगण्यावरून घाई करण्याचं काही कारण मला दिसत नाही. टी-टूचे आकडे काय सांगतात ते डोळ्यांच्या आणि ग्रंथीच्या, दोन्ही डॉक्टरांनी एकत्र बसून पाहावं, आणि मग परळचा विचार करावा.

तोवर घरी करण्यासारखं बरंच आहे. उशीकडची बाजू उंच करून झोपल्याने सकाळची पापण्यांची सूज कमी होते. रात्रभर आडवं पडल्यावर पाणी तिथे साचतं. दिवसा डॉक्टरांनी दिलेले कृत्रिम अश्रूंचे थेंब, रात्री मलम. स्कूटरवर आणि वाडीत चष्मा किंवा गॉगल. दोन दिसत असताना वहिनींनी गाडी चालवू नये. आणि घरात कोणी सिगारेट-बिडी ओढत असेल, तर ती वहिनींच्या आसपास तरी बंद झालीच पाहिजे. स्वतः रुग्णानेच ओढली तर हा आजार जास्त चिघळतो आणि औषधांचा गुणही कमी येतो, हे पुन्हा पुन्हा दिसून आलं आहे. सेलेनियमच्या गोळ्यांबद्दल कोणी सांगेल. २०११ मधल्या एका युरोपीय अभ्यासात सौम्य आजारात सहा महिन्यांच्या सेलेनियमने फायदा दिसला, पण वहिनींचा आजार सौम्य म्हणण्यापलीकडचा वाटतो, तेव्हा त्यांवर विसंबू नका.

शेवटी, ज्या वेळी कुठल्याही आकड्याची वाट पाहायची नसते, ती वेळ ओळखून ठेवा. या आजारात साधारण शंभरात पाच जणांच्या खोबणीच्या टोकाशी फुगलेले स्नायू दृष्टीच्या नसेला दाबतात. डोळा फार पुढे न येताही हे होऊ शकतं. वहिनींना लाल रंग फिका, मळकट दिसू लागला, एका डोळ्याची नजर धूसर झाली, किंवा झोपेत डोळा पूर्ण मिटेनासा होऊन दुखू लागला, तर पुढच्या तारखेपर्यंत थांबू नका. एकेक डोळा झाकून एखादी लाल वस्तू दोन्ही डोळ्यांना सारखीच लाल दिसते का, हे त्यांना रोज पाहायला सांगा. फरक जाणवला तर त्याच दिवशी डोळ्यांच्या मोठ्या रुग्णालयात जा. वेळेत मोठ्या मात्रेचं स्टेरॉइड मिळालं, आणि गरज पडली तर दोनेक आठवड्यांत शस्त्रक्रिया झाली, तर बहुतेकांची दृष्टी वाचते.